अंगणातला कोतवाल ओळखावा कसा: काळ्या पक्ष्यांत होणारी गफलत टाळण्याची क्रमवार पद्धत

विजेच्या तारेवर काळा पक्षी दिसला की बहुतेक जण त्याला कोतवाल म्हणून मोकळे होतात आणि पानांआड काळे काही हलले की तो कोकीळ ठरतो. हे अंदाज पुष्कळदा बरोबर निघतात, पण ते कशाच्या आधारावर बरोबर आहेत हे सांगता येत नसल्यामुळे चुकतात तेव्हा ती चूकही लक्षात येत नाही. या घोटाळ्याचे मूळ एवढेच आहे की आपण सुरुवात रंगापासून करतो. महाराष्ट्रात वस्तीच्या आसपास आणि शेताच्या बांधावर काळे किंवा काळे भासणारे आठ-दहा पक्षी सहज दिसतात, त्यामुळे ‘काळा होता’ या माहितीचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. पुढील क्रमात रंगाला मुद्दाम मागे ठेवले आहे आणि पक्ष्याचा आकार, शेपटी, बैठक व शिकारीची रीत यांना पुढे आणले आहे. पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात.

## तयारी

आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण या कामाला उत्तम. दहा पट दाखवणारी दुर्बीण अधिक चांगली असा समज असतो, परंतु नवख्या हातात तिच्यातील चित्र थरथरते आणि कोतवालासारखा क्षणात झेपावणारा पक्षी तिच्यातून वारंवार निसटतो. दुर्बीण नसली तरी अडत नाही, कारण कोतवाल उघड्यावर बसतो आणि माणसाला फारसा बुजत नाही. छोटी वही, पेन्सिल आणि घड्याळ मात्र हवेच. मोबाइलवर फोटो काढायचा असेल तर तो निरीक्षण झाल्यावर काढावा. आधी फोटो काढू गेल्यास पक्षी पाहायचाच राहून जातो आणि हाती उरते ती आकाशासमोरची एक काळी आकृती.

वेळ निवडताना सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास किंवा मावळतीपूर्वीचा तास घ्यावा. कोतवाल पहाटे फार लवकर कामाला लागतो आणि संध्याकाळी इतर पक्षी झाडांत शिरल्यावरही बराच वेळ उडत्या किड्यांच्या मागे असतो, म्हणून अंधूक उजेडात तारेवर एकटाच टिकून असलेला काळा पक्षी बहुधा तोच असतो. मात्र ‘बहुधा’ एवढ्यावर ओळख पक्की करू नये.

सावधान: सूर्य आपल्या पाठीमागे असला पाहिजे. पक्ष्यामागे उजळ आकाश असेल तर साळुंकी, बुलबुल आणि सातभाईसुद्धा काळेच दिसतात. चुकीच्या ओळखीचे सर्वांत मोठे कारण हेच आहे आणि त्यावर उपाय म्हणजे वीस पावले चालून दुसऱ्या बाजूला जाणे. तेवढे चालण्याचा कंटाळा करणारे लोक नंतर तासभर पुस्तक चाळत बसतात.

## पायरी १: आकारमान ठरवणे

लांबी सेंटिमीटरमध्ये अंदाजण्याचा प्रयत्न करू नये, कारण उंचावर आणि एकट्या बसलेल्या पक्ष्याची लांबी कोणालाच नीट सांगता येत नाही. त्याऐवजी नेहमीच्या तीन पक्ष्यांशी तुलना करावी: बुलबुल सुमारे २० सेंटिमीटर, साळुंकी सुमारे २३ ते २५ सेंटिमीटर आणि गावकावळा ४० सेंटिमीटरच्या आसपास. कोतवालाची एकूण लांबी ३० सेंटिमीटरच्या जवळपास भरते, पण त्यातली जवळजवळ निम्मी शेपटीची असते. त्यामुळे त्याचे धड बुलबुलाएवढे आणि एकूण पक्षी मात्र साळुंकीपेक्षा लांब दिसतो. ‘लहान धड, लांब शेपटी, सडपातळ बांधा’ एवढे ठरले तरी कावळा, डोमकावळा, कोकीळ आणि भारद्वाज हे चार दांडगे पक्षी एका फटक्यात बाद होतात.

पडताळणी: पक्षी ज्या तारेवर किंवा खांबावर बसला आहे तिथेच थोड्या वेळाने साळुंकी किंवा होला येऊन बसतो का ते पाहावे. शेजारी बसलेल्या ओळखीच्या पक्ष्याइतकी खात्रीची मोजपट्टी दुसरी नाही.

## पायरी २: शेपटी नीट पाहणे

इथे घाई करू नये, कारण निम्मी ओळख शेपटीत आहे आणि निम्म्या चुकाही शेपटीतच होतात.

पूर्ण वाढ झालेल्या कोतवालाची शेपटी टोकाशी खोल दुभागलेली असते, माशाच्या शेपटीसारखी, आणि कडेच्या दोन पिसांची टोके किंचित बाहेर वळलेली असतात. पक्षी पाठमोरा बसलेला असताना हा दुभंग सर्वांत स्पष्ट दिसतो. बाजूने पाहिले तर दोन्ही भाग एकमेकांवर येऊन शेपटी सरळ भासते. नवखे निरीक्षक नेमके तेव्हाच ‘शेपटी दुभागलेली नाही, म्हणजे कोतवाल नाही’ असा निकाल देतात. पक्षी वळेपर्यंत किंवा झेपावेपर्यंत थांबावे. हवेत वळण घेताना तो शेपटी पसरतो आणि तिची रचना त्या क्षणी उघड होते.

दुसरी अडचण पिसे गळण्याच्या काळात येते. विणीचा हंगाम संपला की जुनी पिसे गळून नवी येतात आणि त्या दिवसांत शेपटी आखूड, वेडीवाकडी किंवा एका बाजूनेच लांब दिसू शकते. त्या वर्षीच्या पिल्लांच्या शेपटीचा दुभंगही उथळ असतो. म्हणून नियम असा ठेवावा: खोल दुभंग दिसला तर तो भक्कम पुरावा मानावा, आणि दिसला नाही तर नकार न देता पुढच्या पायरीकडे जावे.

सावधान: भिंगऱ्यांच्या शेपट्याही दुभागलेल्या असतात आणि त्याही तारांवर बसतात. परंतु त्या आकाराने बऱ्याच लहान असतात, रांगेने बसतात आणि उडाल्या की हवेत सलग घिरट्या घालत राहतात. पुढच्या दोन पायऱ्यांत हा फरक आपोआप स्पष्ट होतो.

## पायरी ३: बैठक पाहणे

कोतवाल उघड्यावर बसतो. विजेची तार, कुंपणाचा खांब, वठलेली फांदी, टीव्हीची अँटेना, चरणाऱ्या म्हशीची पाठ अशी चौफेर नजर टाकता येणारी कोणतीही जागा त्याला चालते. तो बऱ्यापैकी ताठ बसतो, शेपटी खाली सोडलेली असते आणि मान सतत इकडे-तिकडे वळत असते. पाय आखूड असल्यामुळे जमिनीवर चालणे किंवा टुणटुण उड्या मारणे त्याच्या प्रकृतीत नाही. जमिनीवर तो उतरतो तो भक्ष्य उचलण्यापुरता.

या एका निकषावर अंगणातील कितीतरी काळे पक्षी गळतात. दयाळ आणि चिरक जमिनीवर किंवा बुटक्या झुडपांवर वावरतात आणि शेपटी वर उचलून धरतात. कोकीळ दाट पालवीत राहतो. भारद्वाज कुंपणाच्या बुडाशी पावले टाकत फिरतो.

पडताळणी: पक्षी जमिनीवर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ चालत किंवा उड्या मारत असेल, तर तो कोतवाल असण्याची शक्यता फार कमी आहे.

## पायरी ४: शिकारीची एक फेरी संपूर्ण पाहणे

कोतवालाची खरी सही त्याच्या शिकारीत आहे. ती पाहण्यासाठी एका जागी पंधरा-वीस मिनिटे बसावे लागते आणि तेवढा धीर धरला तर आधीच्या तीन पायऱ्यांतली शंका सहसा उरत नाही.

फेरी अशी असते. पक्षी तारेवर स्थिर बसून खालच्या गवतावर नजर ठेवतो. एकाएकी मान एका बाजूला कलते, तो पुढे झुकतो आणि तिरक्या रेषेत खाली झेपावतो किंवा उडत्या किड्यामागे हवेत वेड्यावाकड्या गिरक्या घेतो. भक्ष्य चोचीत पकडून तो पुष्कळदा त्याच तारेवर, त्याच ठिकाणी परत येतो. किडा मोठा असेल, म्हणजे नाकतोडा किंवा टणक पाठीचा भुंगा असेल, तर तो पायाखाली दाबून चोचीने त्याचे तुकडे करतो. दुर्बिणीतून पाहिले तर नाकतोड्याचे पंख एकेक करून खाली गळताना दिसतात. मग चोच तारेवर घासून पुसली जाते आणि पुन्हा पहारा सुरू होतो.

‘एका जागेवरून झेप, पुन्हा त्याच जागी परत’ ही लकब लक्षात ठेवावी. भिंगरी परत येऊन बसत नाही, दयाळ जमिनीवर हुंदडत किडे वेचतो आणि कोकीळ मुख्यतः वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर असतो. वेडे राघूही अशीच झेप घेतात, पण हिरव्या रंगामुळे त्यांचा घोळ फक्त सूर्य समोर असतानाच होतो.

ही रीत पाहण्यासाठी काही प्रसंग विशेष सोयीचे असतात. नांगरट किंवा गवतकापणी चालू असताना उडणाऱ्या किड्यांसाठी कोतवाल मागोमाग येतात. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंख फुटलेले किडे जमिनीतून बाहेर पडतात तेव्हा एकाच तारेवर पाच-सहा कोतवाल आळीपाळीने झेपावताना दिसतात. अंगणात दिवा असेल तर पहाटेच्या अंधारात त्याभोवतीचे पतंग टिपायलाही ते येतात. फुलोऱ्याच्या दिवसांत काटेसावर आणि पांगाऱ्यावर ते मधुरसासाठी हजेरी लावतात, म्हणून फुलावर बसलेला पक्षी कोतवाल नसणारच, असेही गृहीत धरू नये.

शेताशेजारी राहणाऱ्यांनी पिकात पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसण्यासाठी रोवलेल्या काठ्या, लावले तर निरीक्षणाची जागा आयतीच तयार होते. अळ्या आणि नाकतोडे कमी होतात हा त्याहून मोठा फायदा.

## पायरी ५: आता रंग आणि बारीक खुणा

इथवर आल्यावरच रंगाकडे पाहावे. कोतवालाचा काळा रंग तेलकट चकाकीचा असतो आणि उजेड नीट पडला तर पिसांवर निळसर-हिरवट झाक दिसते. चोच आणि पाय काळेच असतात. डोळा गडद असतो. लांबून तो वेगळा दिसतही नाही. चोचीच्या कोपऱ्याशी, जिथे चोच गालाला मिळते तिथे, एक इवलासा पांढरा ठिपका असतो. हा ठिपका दिसला तर ओळख जवळपास पक्की होते. तो डोक्याच्या कोनानुसार दिसतो आणि लपतो, म्हणून एका नजरेत दिसला नाही तर ‘नाही’ अशी नोंद न करता ‘दिसला नाही’ अशी करावी. या दोन शब्दांतला फरक पक्षिनिरीक्षणात फार मोठा आहे.

पिल्लू मोठे झाल्यावरही काही महिने त्याच्या पोटावर आणि छातीच्या खालच्या भागावर पांढरट, खवल्यांसारख्या कडा राहतात. पावसाळ्याच्या अखेरीस असा कबरा कोतवाल दिसला की लोक हमखास गोंधळतात.

## पायरी ६: सारखे दिसणारे पक्षी एकेक करून वगळणे

प्रथम कोतवालाचेच भाऊबंद घ्यावेत, कारण बैठक आणि शिकारीची रीत त्यांचीही तशीच असते आणि आधीच्या पायऱ्या त्यांना अडवू शकत नाहीत.

राखी कोतवाल आपल्याकडे हिवाळी पाहुणा आहे. तो उघड्या शेतापेक्षा झाडीत, उंच झाडांच्या शेंड्यांवर अधिक दिसतो. त्याचा रंग पाटीसारखा करडा असतो, चकाकी कमी असते आणि डोळा ठळक लाल असतो. चोचीजवळचा पांढरा ठिपका त्याला नसतो. हिवाळ्यात आमराईत किंवा जंगलाच्या कडेला ‘कोतवाल’ दिसला तर डोळ्याचा रंग पाहिल्याशिवाय नाव लिहू नये. उन्हाळ्यात मात्र हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

पांढऱ्या पोटाच्या कोतवालाचे पोट आणि शेपटीखालचा भाग स्वच्छ पांढरा असतो आणि छाती करडी असते. वर सांगितलेले कबरे पिल्लू आणि हा पक्षी यांची गल्लत टाळण्यासाठी पांढऱ्या भागाचे स्वरूप पाहावे: सलग पांढरा असेल तर ही दुसरी जात, तुटक आणि खवल्यांचा असेल तर साध्या कोतवालाचे पिल्लू. पल्लवपुच्छ कोतवालाच्या शेपटीतून दोन तारा निघून त्यांच्या टोकाला पिसांचे झुबके असतात आणि डोक्यावर तुरा असतो. तो आणि केसराज (हीही कोतवालाचीच एक जात) हे दोघेही जंगलातले पक्षी असल्याने घराच्या आवारात त्यांची चिंता करण्याचे कारण नाही, अर्थात घरच जंगलाला लागून असेल तर गोष्ट वेगळी.

सह्याद्रीच्या पट्ट्यात कोकीळ कुळातला एक पक्षी हुबेहूब कोतवालाचे सोंग घेतल्यासारखा दिसतो. त्याची चोच बारीक आणि किंचित खाली वाकलेली असते, डोके लहान असते आणि शेपटीच्या बुडाशी खालच्या बाजूने पांढरे आडवे पट्टे असतात. कोतवालाची चोच जाड आणि टोकाशी किंचित आकडेदार असते. घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला हा फरक अवश्य तपासावा.

कोकीळ नराची चोच फिकट हिरवट आणि डोळा लालभडक असतो, तसेच शेपटी टोकाशी गोलसर असते. ‘कुहू’ हा ताणलेला आवाज नराचा. मादी तपकिरी रंगाची आणि पांढऱ्या ठिपक्यांची असते, त्यामुळे गाणारा काळा पक्षी ‘कोकिळा’ म्हणून नोंदवणे ही दुहेरी चूक ठरते.

दयाळ नराच्या पंखावर पांढरा पट्टा आणि पोट पांढरे असते. चिरक नराच्या शेपटीखालचा भाग विटकरी असतो. त्याची पाठ दक्षिणेकडे चकचकीत काळी आणि उत्तरेकडे तपकिरी असते. कवड्या गप्पीदास हा त्यांच्यापेक्षा जास्त फसवतो, कारण तोही झुडपाच्या शेंड्यावर उघडा बसून खाली झेप घेतो. पण त्याची लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर असते आणि उडताना कमरेवरचा पांढरा डाग लख्ख दिसतो. शिंजिराचा नर सावलीत काळाकुट्ट वाटतो, परंतु अंगठ्याएवढा आणि फुलाला लटकणारा पक्षी कोतवाल कसा असेल? कस्तूर सह्याद्रीतल्या झाडीत पाचोळा उलटत जमिनीवर फिरतो आणि त्याची नारिंगी-पिवळी चोच लपत नाही. पहाटे ओढ्याकाठी माणसाने शीळ घालावी तसे गाणारा शीळकरी कस्तूर निळसर काळा असून त्याच्या कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळे डाग असतात.

## पायरी ७: आवाज, पण जपून

कोतवाल कर्कश आणि चढ्या सुरात दोन-तीन तुकड्यांचे ओरडे काढतो आणि पहाटे जोडीने बराच कलकलाट करतो. तो शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याचा आवाज इतका बेमालूम काढतो की खारी आणि साळुंक्या खरोखर दडून बसतात. म्हणून आवाज ऐकून नाव सुचवणाऱ्या मोबाइल ॲपने शिक्रा दाखवला तर आधी तारेकडे पाहावे.

सावधान: पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये. विणीच्या काळात जोडी घरटे सोडून त्या आवाजामागे लागते आणि तेवढ्यात अंड्यांवर कावळा येतो.

## पायरी ८: स्वभावाची नोंद घेणे

ओळख पटल्यावर वागणूक पाहावी, आधी नाही. नाहीतर ‘कावळ्याला हुसकावत होता म्हणजे कोतवालच’ अशी उलटी गणिते सुरू होतात. कावळ्याला बुलबुल आणि दयाळही हुसकावतात.

विणीचा मुख्य काळ साधारण एप्रिल ते ऑगस्ट असतो. घरटे झाडाच्या बाहेरच्या फांदीवर, आडव्या दुबेळक्यात असते. काड्या आणि गवत कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून केलेली ती उथळ वाटी इतकी पातळ असते की काही वेळा खालून अंडी दिसतात. अंडी बहुधा तीन ते पाच असतात. नर आणि मादी दोघेही ती उबवतात. या काळात कावळा, घार किंवा शिक्रा झाडाजवळून गेला तरी जोडी त्याच्या पाठीवर झेपावते आणि पुष्कळ अंतरापर्यंत त्याचा पाठलाग करते. होले, बुलबुल आणि हळद्या याच झाडावर किंवा शेजारी घरटे करतात, कारण त्यांना आयता पहारा मिळतो. म्हणूनच कोतवालाचे घरटे सापडले की आजूबाजूच्या फांद्याही पाहाव्यात.

हा पहारेकरी स्वतः साव मात्र नाही. इतर पक्ष्यांनी शोधून काढलेला किडा तो हवेतच हिसकावतो.

सावधान: जोडी आपल्या डोक्यावरून ओरडत झेपावू लागली म्हणजे आपण फार जवळ आलो आहोत, ताबडतोब मागे सरावे. घरट्यासमोरची फांदी फोटोसाठी वाकवणे किंवा तोडणे म्हणजे कावळ्याला वाट दाखवणे होय. शिवाय वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये वन्य पक्ष्यांची अंडी काढणे किंवा घरट्याची नासधूस करणे हा गुन्हा आहे.

## पायरी ९: वहीत लिहिणे

नोंद जागेवरच करावी आणि जे पाहिले तेवढेच लिहावे. नमुन्यादाखल: ‘सकाळी ६.५०, सूर्य पाठीमागे. विजेच्या तारेवर एकटा, धड बुलबुलाएवढे, शेपटी खोल दुभागलेली (पाठमोरा दिसला). वीस मिनिटांत अकरा झेपा, आठ वेळा त्याच जागी परत. चोचीजवळचा ठिपका दिसला नाही. डोळा गडद. पोटावर पांढरे काही नाही.’ अशा नोंदीवरून दुसरा माणूसही निष्कर्ष काढू शकतो. ‘सुंदर काळा कोतवाल पाहिला’ या वाक्यावरून कोणालाच काही काढता येत नाही.

नाव नोंदीच्या शेवटी लिहावे. जात ठरली नाही तर ‘कोतवाल वर्गातला, जात अनिश्चित’ असे लिहून पुढच्या सकाळी त्याच तारेखाली जावे. एका भागात वावरणारी जोडी तिथेच पुन्हा पुन्हा बसते, त्यामुळे राहून गेलेली खूण पाहण्याची संधी बहुतेक वेळा मिळते.